लाईट गेली तरी नेट राहावं म्हणून

या सदरात आम्ही कधी मुलांच्या अभ्यासाविषयी लिहितो, कधी घरखर्चाच्या वहीविषयी. या महिन्याचा विषय जरा वेगळा आहे. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईने त्यात पडावं असा तो नाही, हे आम्हालाही कळतं. पण गेल्या ऑक्टोबरात आमच्या घरावर असा एक प्रसंग आला की वॉट, व्होल्ट, अँपिअर हे शब्द आम्हा सगळ्यांनाच शिकावे लागले. आज ज्यांच्या घरात कुणी दुकान, दवाखाना, शिकवणी किंवा ऑफिस चालवतं, त्या प्रत्येकाकडे भिंतीवर लुकलुकणारा एक राऊटर असतो. आणि लाईट कुणाच्या गावात जात नाही?

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या बाजारपेठेत आमच्या धाकट्या दिराचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पासपोर्ट आणि पॅन कार्डाचे अर्ज, सातबाऱ्याचे उतारे, आखातात जाणाऱ्यांच्या तिकिटांचे प्रिंट, विजेची बिलं, झेरॉक्स. दुपारी जाऊबाई बसतात, सकाळी आणि संध्याकाळी दीर. त्या दिवशी शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. आमच्या वर्गातल्या बारा मुलींचे अर्ज राहिले होते. आम्हीच त्यांना सांगितलं होतं, "चाचांच्या दुकानात जा, तुमच्याकडून पैसे घेणार नाहीत." चार वाजेपर्यंत नऊ अर्ज झाले. मग परतीच्या पावसाने गडगडायला सुरुवात केली आणि चार वीसला लाईट गेली.

टेबलाखालचा यूपीएस टिकटिक वाजू लागला. संगणक चालू, पडदा चालू, आणि पडद्यावर अक्षरं, की नेट नाही. दीर म्हणाला, "भाभी, सगळं चालू आहे, नेटच मेलंय." बघितलं तर राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही भिंतीवरच्या साध्या बोर्डात. दोन वर्षांपूर्वी यूपीएस घेतला तो संगणकासाठी. ज्याच्यावर सगळं दुकान चालतं त्या दोन छोट्या डब्यांचा विचार ना दुकानदाराने केला होता, ना आम्ही.

धावपळ करून त्यांच्या पिना यूपीएसच्या एक्स्टेंशनमध्ये लावल्या. राऊटर पुन्हा सुरू व्हायला तीन मिनिटं गेली. नेट आलं, अर्ज उघडला, आणि यूपीएसनेच मान टाकली. दोन वर्षांची बॅटरी, त्यात संगणकाचा भार. मग मोबाईलचं हॉटस्पॉट. पण त्या वेळी आख्खी बाजारपेठ मोबाईलच्याच नेटवर होती. ओटीपी यायच्या आत पान बंद पडायचं. मगरीब झाल्यावर जाऊबाई दोन मुलींना आणि त्यांच्यातल्या एकीच्या आईला घेऊन तालुक्याला आपल्या माहेरी गेल्या आणि रात्री दहाला त्यांचे अर्ज गेले. तिसरी मुलगी लांबच्या वाडीवरची. शेवटची एसटी चुकेल म्हणून तिची आई तिला घेऊन आधीच निघाली होती. तिचा अर्ज राहिला. मुदत वाढली नाही. सोमवारी वर्गात ती म्हणाली, "मॅडम, पुढच्या वर्षी भरू," आणि वही उघडून बसली. तिच्या बापाचं पोट मच्छीमारीच्या दुसऱ्याच्या होडीवर आहे. त्या पैशांचा त्या घरात काय अर्थ होता हे आम्हाला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात दीर तालुक्याच्या बॅटरीवाल्याकडे गेला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "किती व्हीएचा पाहिजे?" आणि उत्तराची वाट न पाहता मोठा इन्व्हर्टर, दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, ट्रॉली असं सगळं मिळून बावीस हजारांचं कागद हातात ठेवलं. दीर पैसे भरायला तयार होता. अपराधी माणूस लवकर पैसे भरतो. आम्ही म्हटलं, "थांब जरा. आधी वाचून तर बघू काय लागतं ते."

वाचून म्हणजे खरोखरच वाचून. प्रत्येक अडॅप्टरवर बारीक अक्षरांत एक लेबल असतं. तिथे 'आउटपुट' या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. दोघांचा गुणाकार म्हणजे जास्तीत जास्त वॉट. फायबरच्या डब्याचा अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअर, म्हणजे १२ वॉट. राऊटरचाही तेवढाच. तारा जोडायचा पाच खाचांचा स्विच ५ व्होल्ट ०.६ अँपिअर, म्हणजे ३ वॉट. एकूण २७ वॉट. एका साध्या पंख्याच्या निम्म्याहूनही कमी! आणि हा तर वरचा आकडा. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे सॉकेटमध्ये लावायचं वॉट मोजणारं छोटं मीटर आहे. त्यावर मोजलं तर तिन्ही मिळून चौदा वॉट घेत होते. ज्या दुकानाला चौदा वॉट लागतात त्याला बावीस हजारांचं कागद दिलं होतं.

इथे सरांनी आम्हाला जे समजावलं ते तसंच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वॉट म्हणजे नळाची धार. वॉट-अवर म्हणजे टाकीतलं पाणी. यूपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ६०० व्हीए हे नळाची तोटी किती मोठी हे सांगतं. टाकी किती मोठी हे सांगतच नाही. (व्हीए म्हणजे वॉटही नव्हे. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर नीट पाहिलं तर साधारण ३६० वॉट लिहिलेलं असतं.) आपल्याला राऊटर चार तास चालवायचा असेल तर तोटी लहान चालते, टाकी मोठी लागते. दुकानदार मात्र तोटी विकत असतो.

टाकी मोजायची तर बॅटरीवरचे दोन आकडे गुणायचे. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी असते. गुणाकार ८४ वॉट-अवर. चौदा वॉटने भागलं तर सहा तास. कागदावर. प्रत्यक्षात आम्ही नवी बॅटरी घालून फक्त नेटचे डबे लावले तेव्हा ते अडीच तासही टिकले नाहीत. कारण असं की बॅटरी १२ व्होल्टची, यूपीएस ते चढवून २३० करतो, आणि राऊटरचा अडॅप्टर पुन्हा ते उतरवून १२ करतो. म्हसळ्याहून श्रीवर्धनला जायला पनवेलवरून वळसा घालावा तसं. त्या वळशात वीज जाते, शिवाय यूपीएसचं स्वतःचं पोटही असतं. भार शंभर वॉटचा असेल तर हे पोट जाणवत नाही. भार चौदा वॉटचा असेल तर ते जवळजवळ तेवढंच खातं. काही यूपीएस तर इतका कमी भार पाहून 'काही लावलेलंच नाही' असं समजून आपोआप बंद पडतात. घेण्याआधी विचारून घ्यावं.

म्हणून हल्ली राऊटरसाठी वेगळा छोटा यूपीएस मिळतो. पुस्तकाएवढा, आत लिथियमचे सेल. राऊटरचाच अडॅप्टर त्याला लावायचा आणि त्याची पिन राऊटरला. १२ व्होल्ट आत, १२ व्होल्ट बाहेर, वळसा नाही. लाईट गेल्यावर राऊटरला पत्ताही लागत नाही, त्यामुळे उघडलेला अर्ज उघडाच राहतो. आमच्यासारख्या दुकानाला हाच योग्य, असं आमचं मत झालं. पण त्यातही वाचण्यासारखं बरंच आहे.

पहिली गोष्ट एमएएचची. खोक्यावर ८८०० एमएएच असं लिहिलेलं असतं आणि दुकानदार म्हणतो, "मॅडम, पावणेनऊ अँपिअर-अवर, मोठ्या यूपीएसपेक्षा जास्त!" तसं नाही. तो आकडा बहुधा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे साडेबत्तीस वॉट-अवर. थोडी गळती धरली तर हाती येतात सत्तावीस-अठ्ठावीस. १२ वॉटला सव्वादोन तास, ६ वॉटला साडेचार तास. व्होल्टचा आकडा पाहिल्याशिवाय एमएएचच्या आकड्याला काहीच अर्थ नाही. खोक्यावर वॉट-अवर सरळ लिहिलेले असतील तर उत्तम. नसतील तर पाठीमागचं लेबल शोधावं. तेही नसेल तर दुसरं खोकं मागावं.

दुसरी गोष्ट पिनेची, आणि इथे चूक झाली तर पैसे नाही, यंत्र जातं. सगळे राऊटर १२ व्होल्टचे नसतात. काही ९ चे, काही ५ चे. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. पिनेच्या आतला भाग धन आणि बाहेरचा ऋण आहे की उलट, याचंही छोटं चित्र लेबलवर असतं. दोन्हीकडचं चित्र सारखं हवं. अँपिअरचं मात्र उलट आहे. यूपीएसचे अँपिअर राऊटरच्या लेबलपेक्षा जास्त असले तर बिघडत नाही, कमी नसावेत. आणि जुन्याच अडॅप्टरने राऊटर चालवून वर बॅटरीही भरायची असल्याने त्याची ताकद पुरते का हे माहितीपत्रकात पाहून घ्यावं.

दुबईहून आमच्या भावाने फोन केला. म्हणाला, "आपा, येताना मोठा पॉवर स्टेशनवाला डबाच घेऊन येतो, पंखाही चालेल." त्याला सांगावं लागलं की विमानात असल्या बॅटऱ्यांना मर्यादा आहे. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात चालते, बॅगेज म्हणून टाकता येत नाही. १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते. त्यावर मनाई. सुटीवर येणाऱ्यांकडून अशा वस्तू मागवण्याची आपल्याकडे सवय आहे म्हणून हे मुद्दाम लिहिलं. मग तो म्हणाला साधी पॉवर बँकच वापरा. तीही वापरता येते, ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी केबल मिळते. पण बऱ्याच पॉवर बँका लाईट जाताना किंवा येताना क्षणभर थांबतात, आणि तेवढ्यात राऊटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. फोनवर बोलायला चालेल, चालू अर्जाला नाही.

तर आमचा हिशेब असा. आमच्याकडे पावसात लाईट गेली की बहुधा दोन-तीन तासांत येते. चार तास धरले. चौदा वॉटला चार तास म्हणजे ५६ वॉट-अवर, वर गळती आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बॅटरी म्हातारी होईल ते धरून ऐंशीच्या वर हवेत. ते जमेना. तेव्हा सरांनी विचारलं, "हा स्विच कशाला लावलाय?" राऊटरच्या मागे चार खाचा होत्या, त्यातल्या दोनच वापरात होत्या. तिसरं यंत्र उगाचच दोन वॉट खात भिंतीवर बसलं होतं. ते काढलं. उरले बारा वॉट. दोन छोटे यूपीएस घेतले, एक फायबरच्या डब्याला, एक राऊटरला, प्रत्येकावर सहा वॉट. दोघांचे मिळून तीन हजार दोनशे रुपये झाले. म्हातारपणासाठी धरलेली शिल्लक यात पुरी नाही हे आम्हाला दिसत होतं, पण दोन वर्षांनी पुन्हा बघू असं ठरलं.

संगणकाचं काय? मेजावरचा मोठा संगणक चालू ठेवायला शंभरच्या आसपास वॉट लागतात. त्याला आम्ही सोडून दिलं. दुकानात दोन लॅपटॉप आहेत, त्यांच्या पोटात स्वतःची बॅटरी आहे. लाईट गेली की काम लॅपटॉपवर. जुना यूपीएस संगणकाला फक्त पाच मिनिटं देतो, चालू काम जतन करून नीट बंद करण्यापुरती. लेझर प्रिंटर तर यूपीएसला लावूच नये. कागद तापवताना तो एकदम कित्येकशे वॉट ओढतो आणि छोटा यूपीएस जागीच बसतो. पावती छापायची फारच घाई असेल तर ती ग्राहकाच्या मोबाईलवर पाठवतो, प्रिंट दुसऱ्या दिवशी. कुणी तक्रार केली नाही.

हे सगळं झालं तरी पोटात धाकधूक होती. पहिल्याच पावसाळी रात्री लाईट गेली. आम्ही मुद्दाम छत्री घेऊन दुकानात गेलो. दोन्ही छोटे यूपीएस चालू, राऊटर चालू, आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा दिवा लाल. म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही. आमच्या बाजूने सगळं जिवंत, पलीकडून मेलेलं. नेटवाल्याला फोन केला तर तो मोकळेपणाने म्हणाला, "भाभी, नाक्यावरच्या आमच्या मोठ्या डब्याची बॅटरी मागच्या वर्षीच गेली. लाईट असेपर्यंतच नेट."

वाचकहो, एक पैसाही खर्च करण्याआधी आम्ही हे विचारायला हवं होतं. फायबरची तार वाटेत जिथे फुटून घराघरांत जाते तिथल्या छोट्या पेट्यांना वीज लागत नाही, तो नुसता काचेचा खेळ आहे. पण ज्या यंत्रातून ती तार निघते त्याला वीज लागते. ते यंत्र दूरच्या शहरात मोठ्या कंपनीच्या इमारतीत असेल तर तिथे बहुधा बॅटऱ्या असतात. ते जवळच्या एखाद्या जिन्याखाली असेल तर नाक्यावरची लाईट आणि तुमचं नेट एकाच वेळी जाणार. काही ठिकाणी इमारतीच्या प्रत्येक जिन्यात विजेवर चालणारा स्विच असतो. तिथे तर तुम्ही सोन्याची बॅटरी घेतली तरी उपयोग नाही. हे तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. लाईट गेली असताना शेजारच्या ज्या दुकानात इन्व्हर्टर आहे तिथे त्याच नेटवाल्याचं नेट चालतं का, एवढं जाऊन बघायचं.

नेटवाल्याला एकट्याने सांगून फरक पडला नसता. दीर, मेडिकलवाले, ट्रॅव्हल्सवाले आणि एक शिकवणीवाले सर असे चौघे मिळून गेले. चौघांनी एकच सांगितलं की बॅटरी बदला, नाहीतर चारही जोडण्या पुढच्या महिन्यात दुसरीकडे. पंधरा दिवसांत नवी बॅटरी आली. भांडण झालं नाही, चहा झाला. त्याशिवाय दिराने एका जुन्या मोबाईलमध्ये वेगळ्या कंपनीचं सिम घालून ठेवलं आहे. कुठल्या कंपनीचा टॉवर लाईट गेल्यावरही टिकतो हे गावातल्या पोरांना बरोबर ठाऊक असतं.

मेडिकलवाल्यांची गोष्ट वेगळी हे इथे सांगितलं पाहिजे. त्यांच्याकडे इन्सुलिनचा फ्रीज आहे. त्यांना मोठा इन्व्हर्टरच हवा, आणि तो असताना राऊटरसाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही. दीडशे अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर. त्यातले निम्मेच वापरले तरी नेट रात्रभर चालेल. ज्यांचं दुकान घराखालीच आहे आणि घरात इन्व्हर्टर आहे त्यांनीही आधी एक वायर खाली ओढून पाहावी. फक्त इन्व्हर्टरच्या मागे असलेलं बटण बघावं. बऱ्याच इन्व्हर्टरना दोन पद्धती असतात, एक साधी आणि एक यूपीएसची. साध्या पद्धतीत लाईट जाताना जी उचकी लागते तिने पंख्याचं काही बिघडत नाही, पण संगणक किंवा राऊटर पुन्हा सुरू होऊ शकतो. बटण यूपीएसवर करावं. ट्यूब्युलर बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. विहिरीचं गोड पाणी कितीही स्वच्छ असलं तरी नाही.

कॅमेऱ्यांचं आम्ही शेवटी ठेवलं होतं. चार कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर मिळून पंचवीस वॉटच्या आसपास घेतात. रात्री दुकान बंद असताना त्यांना कोण बघणार म्हणून दीर टाळत होता. पण लाईट गेलेल्या रात्रीच तर कॅमेरा हवा. जुन्या यूपीएसमध्ये घातलेली नवी बॅटरी एव्हाना बसूनच होती. ती आता कॅमेऱ्यांना तास-सव्वा तास देते. तो यूपीएस बॅटरी संपून बंद पडल्यावर लाईट आली की आपोआप सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं, हे आम्हाला एका सकाळी रेकॉर्डर बंद दिसला तेव्हा कळलं. घेताना हेही विचारावं. आणि संगणकाला पाच मिनिटांसाठी आता दुसरा यूपीएस घ्यायचा की नाही यावर घरात अजून एकमत नाही. दीर म्हणतो घ्यायचा, जाऊबाई म्हणतात संगणकच विकून तिसरा लॅपटॉप घ्या.

जपण्याविषयी थोडं. शिशाच्या बॅटरीचा शत्रू उष्णता. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. आमचा जुना यूपीएस झेरॉक्स मशीनच्या मागे, पत्र्याच्या कपाटात होता. दोन वर्षांत गेला यात नवल नव्हतं. लिथियमचा डबा राऊटरच्या डोक्यावर ठेवू नये, पडद्याला किंवा कागदांच्या गठ्ठ्याला चिकटून तर नकोच. तो फुगलेला दिसला की त्याच दिवशी काढायचा, टोचायचा नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. जुन्या शिशाच्या बॅटरीचे बॅटरीवाला पैसे देतो, ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवू नये. हल्ली लिथियम फॉस्फेट नावाचा प्रकार आला आहे. महाग आहे, पण जास्त वर्षं टिकतो आणि तापून पेटण्याची भीती त्यात कमी. पुढच्या वेळी आम्ही तोच बघणार आहोत.

आणि एवढंही करून काही वेळा काहीच चालणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले आणि मोबाईलचे टॉवरही मुके झाले होते. बॅटरी तासांसाठी असते, आठवड्यांसाठी नाही. तेव्हा जे अर्ज आधी भरता येतात ते शेवटच्या तारखेला न्यायचे नाहीत, हा नियम आता आम्ही वर्गात फळ्यावरच लिहितो.

दुकानात एक चाळीस पानी वही टांगलेली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी, गिऱ्हाईक नसताना, दीर मुख्य बटण बंद करतो आणि घड्याळ लावतो. पहिल्या नोंदीत राऊटर चार तास दहा मिनिटं चालला होता आणि फायबरचा डबा चार तास चाळीस. गेल्या महिन्यात राऊटर तीन तास पंचावन्न मिनिटं. तीन तासांच्या खाली आला की नवा घ्यायचा असं जाऊबाईंनी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं आहे.

या वर्षी त्या मुलीचा अर्ज पोर्टल सुरू झालं त्याच्या चौथ्या दिवशी भरला. तिची आई सोबत होती. लाईट होती.